चौथा पुठ्ठा

त्याच्याबद्दल लिहायचं तर चांगलंच लिहावं लागणार, म्हणून इतकी वर्षं टाळत आलो. वाईट काही सापडतं का, ते मी मन लावून शोधलं होतं. चार वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून शोधलं. हाती लागलं ते एवढंच, की तो जेवताना मचमच आवाज करायचा आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायचा. एवढ्याशा भांडवलावर एखाद्या माणसाचा राग वर्षानुवर्षं धरून ठेवणं सोपं नसतं. मी ते करून दाखवलं.

रिसोडच्या एका कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो. दोघंही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाहीतर रस्त्यावरचा कोणीही. मी अमरावतीहून पहिल्या वर्गात एम.एस्सी. होऊन आलेलो. तो केनवडचा. पदवी बाहेरून घेतलेली, आणि त्याआधी सहा-सात वर्षं बसस्टँडसमोरच्या एका दुकानात लोकांचे संगणक दुरुस्त केलेले. आमच्या विषयाला एक पूर्णवेळ जागा निघणार, हे रुजू झाल्यापासून दोघांनाही माहीत होतं. जागा एक आणि आम्ही दोघं. मी ती मनातल्या मनात माझ्या नावावर करून टाकली होती आणि घरी मायलाही तसं सांगून बसलो होतो.

पोरं त्याला ‘पुठ्ठेवाले सर’ म्हणायची. किराणा दुकानांतून बिस्किटांची, साबणांची रिकामी खोकी मागून आणायची, ती ब्लेडने कापून सारखे पुठ्ठे करायचे, त्यांवर जाड स्केचपेनने लिहायचं आणि खताच्या रिकाम्या थैलीत भरून सकाळच्या बसने घेऊन यायचं, हा त्याचा उद्योग. कंडक्टर त्या थैलीचं तिकीट मागायचा आणि हा रोज त्याच्याशी भांडायचा. कुठलाही प्रोग्रॅम शिकवायचा म्हटला की तो आधी संगणक बंद करायला लावायचा. "मशीन मंग," म्हणायचा, "आधी माणसं चालवून पाहू." प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्यावर आणि एकेक पुठ्ठा एकेका पोराच्या हातात. कोणता पुठ्ठा कोणी धरायचा हे तो आदल्या दिवशीच ठरवून पुठ्ठ्याच्या पाठीमागे पेन्सिलने त्याचं नाव लिहून ठेवायचा. ज्या पोराने वर्षभर तोंड उघडलेलं नसे, नेमकं त्याचंच नाव सगळ्यात महत्त्वाच्या पुठ्ठ्यामागे निघायचं. मला हजेरी घेतानाही पोरांची तोंडं लक्षात राहत नसत.

सकाळी लॅब उघडली की प्रत्येक संगणक सुरू करताना तो त्याला जयभीम घालायचा. एकवीस संगणक, एकवीस वेळा. मी एकदा टोकलं, "सर, यंत्राला काय कळतं?" तर म्हणाला, "त्याले नाई कळत, मले त कळते ना. दिवसभर त्याच्यावर हुकूम सोडाचे, मंग सकाळी दोन शब्द बोलाले काय जाते?" मला हे नाटक वाटायचं. पण सुट्टीच्या दिवशी, लॅबमध्ये कोणीही नसताना, खिडकीतून मी त्याला हेच करताना पाहिलं आणि त्या दिवशी माझं जेवणावरून मन उडालं.

बोलायचा तो अस्सा. वर्गात, प्राचार्यांसमोर, फोनवर, सगळीकडे वऱ्हाडीच. मी कॉलेजच्या आवारात शिरलो की भाषा बदलायचो. अमरावतीला वसतिगृहात दोन वर्षं खर्च करून मी ती कमावली होती. पोरं माझ्याशी जपून बोलायची आणि त्याच्याशी घरच्यासारखी बोलायची. मी म्हणायचो, ही शिस्त आहे.

आता चावीचा किस्सा सांगतो, कारण तिथूनच माझं पोट दुखायला लागलं. रिकर्शन म्हणून आमच्या विषयात एक प्रकरण आहे. फंक्शनने आपल्या वाटचं थोडं काम करायचं, आणि उरलेल्यासाठी स्वतःलाच पुन्हा हाक मारायची. ती दुसरी हाक तिसरीला जन्म देते, तिसरी चौथीला, आणि शेवटच्या हाकेला उत्तर मिळालं की ते पावलापावलाने मागे येतं. पोरांच्या डोक्यावरून जाणारं हे प्रकरण. मी त्यावर चार तास घेतले होते, बाणांच्या आकृत्या काढल्या होत्या, आणि मागच्या बाकावरचे दोघं उघडउघड झोपले होते.

त्या दिवशी सकाळी लॅबची चावी सापडेना. पोरं दाराशी ताटकळत उभी. त्याने सगळ्यात पुढच्या पोराला बोलावलं. "तुह्यापाशी चावी असंन त दे. नसंन त पुढच्याले हेच विचार, अन् तो जे सांगन ते मले येऊन सांग." पोराने शेजारच्याला विचारलं, त्याने त्याच्या शेजारच्याला. प्रश्न व्हरांड्यातून शिपायाकडे गेला, शिपायाने ग्रंथालयातल्या मॅडमना विचारलं, मॅडमनी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या एका मुलीला विचारलं, आणि ती मुलगी जी आली ती थेट ह्याच्याकडे. "सर, तुमच्यापाशी लॅबची चावी हाय काय?" ह्याने थैलीत हात घातला. पुठ्ठ्यांच्या तळाशी चावी. दुसऱ्या कोणी जीभ चावून दार उघडलं असतं. हा तिला म्हणाला, "हाय. जा, ज्यानं तुले विचारलं त्याले सांग." आणि हातात चावी धरून तो दाराशी उभा राहिला, ते उत्तर आलं त्याच वाटेने मागे येत येत पहिल्या पोरापर्यंत पोचून, "सर, चावी तुमच्यापाशी हाय," असं त्याला सांगेपर्यंत. मग कुलूप उघडलं. "हे झालं रिकर्शन," म्हणाला. "आपल्यापुरतं करा, बाकीचं पुढच्याले सांगा, अन् त्याच्यावर भरोसा ठेवून थांबा."

त्या वर्षी परीक्षेत रिकर्शनचा प्रश्न आला. पेपर मी तपासले. एकोणतीस पोरांनी उत्तरात चावीची गोष्ट लिहिली होती आणि माझा एकही बाण कोणाला आठवला नव्हता. उत्तरं बरोबर होती, मार्क द्यावे लागले.

इथे मायबद्दल सांगायला हवं. रिसोडच्या कडेला आमची दीड एकर बागायत. मेथी, पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाबा पिकवायचे आणि माय विकायची, नेमकी आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली. मी तिला मोठ्या बाजारात बसायला सुचवून पाहिलं होतं. "अठी गिऱ्हाईक बरं लागते," म्हणाली. मग मी मागच्या फाटकातून गाडी आत घ्यायला लागलो, आणि येता-जाता मला हाक मारू नको असं तिला सांगून टाकलं. तिने कधी मारली नाही. मला तिची लाज वाटत नव्हती, असं मी स्वतःला समजवायचो. वाटत होती.

हा मात्र रोज पुढच्या फाटकाने यायचा आणि रोज तिच्याकडे थांबायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला मेथीचा भाव विचारला, महाग वाटला म्हणून पुढे चक्कर मारून आला, आणि परत येऊन पुन्हा विचारला. माय त्याच्याकडे बघेचना. "एकडाव विचारून गेल्याले मी पुन्हा भाव नाई सांगत," म्हणाली. "तोंड ध्यानात राह्यते माह्या. तोच तो भाव किती डाव सांगू? दिवस जाईन माहा त्याच्यातच." ह्याला ते इतकं आवडलं म्हणे, की तो अर्धा तास तिच्याजवळ जमिनीवर बसला, तिचं कामकाज बघत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोण पुन्हा आलेला आहे हे तिला ओळखायला लावत. संध्याकाळी मायने मला हे सगळं सांगितलं. "लय साधा हाय तो सर. मले मावशी म्हंते." मी जेवत होतो, हूं म्हटलं. तिचा तो नियम मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यात ऐकण्यासारखं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग जागा निघाली. प्राचार्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार, दोघांनी एकाच विषयावर अर्धा-अर्धा तास शिकवायचं, आधी तो आणि नंतर मी. विषय रिकर्शनने कोडं सोडवण्याचा. कोडं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. शेतकऱ्याला वाघ, बकरी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचाय, नावेत त्याच्यासोबत एकच मावतं. तो जवळ नसला की वाघ बकरीला खातो आणि बकरी गवताला. कोड्याची सगळी मेख एका खेपेत आहे, नेलेली बकरी एकदा परत आणावी लागते.

मी आठवडाभर खपलो. पडद्यावर हलणारी नाव केली, तिला शीड लावलं, वाघाला पट्टे काढले. प्रोग्रॅम असा लिहिला, की बटण दाबताच उत्तर हजर. त्याची तयारी म्हणजे चार पुठ्ठे आणि एक कोरी वही.

आदल्या दिवशी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलता उचलता तो म्हणाला, "तीन नियम सोपे हायेत सर. सगळे पल्याड पोचले, त ‘झालं’ म्हनून चिठ्ठी मांगं द्याची. कोनी कोनाले खाऊन राह्यलं, त ‘नाई’ म्हनून मांगं द्याची. अन् तसं काहीच नसंन, त एक खेप कराची, नवीन चिठ्ठी लिहाची, पुढच्याले द्याची. ‘नाई’ आलं त दुसरी खेप करून पाहाची. खरी गंमत चौथ्यात हाय."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. चौथा नियम म्हणजे आधी येऊन गेलेली परिस्थिती पुन्हा समोर आली तर ‘नाही’ म्हणून परत पाठवायची. तो नसेल तर प्रोग्रॅम बकरी नेतो, बकरी आणतो, पुन्हा नेतो, पुन्हा आणतो, आणि शेवटी संगणकच मान टाकतो.

"अन् उद्या तुमी माह्या तासाले वर्गातच राहा बरं का," तो म्हणाला. "कुठं जाऊ नका."

मला वाटलं, ह्याला मी बघायला हवा आहे. स्वतः जिंकताना ह्याला समोर माझं तोंड हवं आहे. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळीने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर होता आणि तो पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेला होता. मी गठ्ठ्याच्या तळातला पुठ्ठा ओढून काढला. त्यावर मोठा चार काढलेला दिसला, तेवढं पुरेसं होतं. लॅबच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं लोखंडी कपाट भिंतीला चिकटून होतं. त्यामागच्या फटीत मी तो सरकवून दिला. तो खाली घसरत गेल्याचा आवाज मला अजून आठवतो. मग प्रोजेक्टरची वायर हातात घेऊन, कामात असल्यासारखा, मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

अध्यक्ष आले, प्राचार्य आले, बेचाळीस पोरं बसली. त्याने गठ्ठा सोडला. तीन पुठ्ठे निघाले. थैलीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, पुन्हा थैलीत पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वायरचा गुंता सोडवत होतो. "चला," तो पोरांना म्हणाला, "तीनवरच चालू करू."

पहिल्या पोराने बकरी पल्याड नेली, चिठ्ठी लिहिली, मोठ्याने वाचली आणि दुसऱ्याला दिली. कोणती खेप आधी करून पाहायची याची यादी सगळ्यांची एकच, तिच्यात पहिलं नाव बकरीचं, म्हणून दुसऱ्याने ती अल्याड आणली. तिसऱ्याने पल्याड नेली. चौथ्याने अल्याड. प्रत्येक जण आपली चिठ्ठी पुढे देऊन उत्तराची वाट बघत जागच्या जागी उभा. रांग लॅबच्या दारातून बाहेर पडली, व्हरांड्यात लांबली. बेचाळीस पोरं संपली तेव्हा कला शाखेची पोरं हौसेने येऊन उभी राहिली. पायऱ्या, सायकल स्टँड, फाटकाकडे जाणारा रस्ता. "बकरी पल्याड!" "बकरी अल्याड!"

"हे कुठवर जाणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाई साहेब," तो म्हणाला. "थांबाचं कवा, हे कोनी सांगतलंच नाई त्याइले."

मला इतका आनंद झाला होता, की लपवता येईना. मी व्हरांड्याच्या टोकाला खांबाशी जाऊन उभा राहिलो. तिथून लॅबचं दारही दिसत होतं आणि फाटकही. रांग फाटकाबाहेर गेली तेव्हा मला वाटलं, आता जागा माझी. वही संपत आली होती आणि पोरं चिठ्ठ्या फाडून अर्ध्या करत होती.

रांगेतली शेवटची मुलगी लिंबाखाली पोचली. तिच्यापुढे कोणीच उरलं नव्हतं. हातातली चिठ्ठी तिने टोपलीशी बसलेल्या बाईपुढे धरली. "मावशी, आता तुमीच घ्या."

"मले कुठं वाचता येते वं?" माय म्हणाली.

"मी वाचून दाखवते. शेतकरी, वाघ, बकरी, गवत, सगळे अल्याड."

"हे त मंघाच झालं," माय म्हणाली. तिचा आवाज मोठा आहे, खांबापाशी स्वच्छ ऐकू आला. "माह्यासमोर चार डाव वाचलं तुमी पोट्ट्याइनं. बकरी नेऊन राह्यले, बकरी आनून राह्यले. येऊन गेल्याले पुन्हा भाव नाई देत मी. दे परत मांगं. दुसरं काई असंन त आन."

मुलगी फाटकाकडे वळून ओरडली, "सर! ‘नाई’ आलं! मावशीनं ‘नाई’ दिलं!"

तो लॅबमधून पळत सुटला. मी त्याला त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. फाटकाशी जाऊन त्याने मुलीला फक्त एवढंच विचारलं, "मंग आता तू काय करशीन?" ती म्हणाली, बकरी पल्याडच राहू दे, शेतकरी एकटाच परत येईल. तिने नवी चिठ्ठी लिहून फाटकाशी गंमत बघत उभ्या असलेल्या एका ऑटोवाल्याच्या हातात दिली. ऑटोवाल्याने वाघ नेला. पुढच्याने बकरी परत आणली. प्रत्येक चिठ्ठी आता आधी मायला वाचून दाखवत होते आणि माय मान हलवून ‘आलं’ किंवा ‘नाई आलं’ सांगत होती. काही वेळ ते भलत्या वाटेला गेले, मायने चिठ्ठ्या परत पाठवल्या, ते पुन्हा फिरून आले. शेवटी गवत गेलं, शेतकरी एकटा आला, बकरी गेली. "झालं!" मग ते ‘झालं’ मागे निघालं. लिंबापासून फाटक, फाटकापासून सायकल स्टँड, पायऱ्या, व्हरांडा, प्रत्येक जण मागच्याकडे वळून ओरडत होता. ते माझ्या खांबाजवळून गेलं, लॅबच्या दारात शिरलं, आणि पहिल्या पोराने अध्यक्षांसमोर उभं राहून सांगितलं, "साहेब, झालं."

अध्यक्ष उठून स्वतः फाटकापर्यंत चालत गेले. "हे ठरवून केलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," तो म्हणाला. "चौथा नियम मी मुद्दामच वर्गात आनला नोता. तो पोरायनं बाहेरून आनावा म्हनून."

अध्यक्षांनी मायला हात जोडले. माय गडबडून उभी राहिली, पदर सावरला, आणि म्हणाली, "माहा पोरगा बी अठीच सर हाय." ती आत बघायला लागली. सायकल स्टँडकडे, पायऱ्यांकडे, व्हरांड्याकडे. मी खांबाच्या मागे झालो.

"हो साहेब," मला त्याचा आवाज ऐकू आला. "मावशीचा पोरगा आमच्याच लॅबमंदी हाय. लय हुशार हाय. आता त्याइचाच तास हाय, पाहा तुमी."

पण अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. माझा तास झालाच नाही. शीड लावलेली माझी नाव कोणी पाहिली नाही. जागा त्याला मिळाली, आणि ती त्यालाच मिळायला हवी होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

घरी माय आठ दिवस तेच सांगत होती. शेजारणींना, बाबांना, मला. "तुह्या त्या सरानं मले साहेबासमोर मान देला बापू. अन् तू कुठं होता?" मी सांगितलं, प्रोजेक्टर लावत होतो. माझ्या मायला मान त्याने मिळवून दिला होता, आणि मला त्या मानाचाही हेवा वाटत होता. तिच्या पोटी मी जन्मलो आणि तिचा नियम मात्र त्याला सापडला.

पुठ्ठा कुठे गेला, हे त्याने मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता आलं असतं. उलट माझे तास कमी होऊ लागले तेव्हा प्राचार्यांकडे जाऊन तो माझ्यासाठी बोलला, हे मला शिपायाकडून कळलं. डब्यातलं लोणचं उचलणं चालूच होतं. तीन वर्षांनी परीक्षा देऊन तो यवतमाळकडे एका सरकारी तंत्रनिकेतनात गेला. जाताना थैली माझ्या टेबलावर ठेवली. "तुमी चालवा सर," म्हणाला. त्याची रिकामी झालेली जागा मला मिळाली. आज मी बसतो ती खुर्ची त्याचीच आहे.

थैली मी दोन वर्षं कपाटावर टाकून ठेवली. मग एकदा पोरं फारच पेंगत होती म्हणून काढली. आता दर वर्षी मी ते तीन पुठ्ठे चालवतो, रांग फाटकापर्यंत नेतो. पोरं खूश होतात. एका मुलीने विचारलं, "सर, हे तुमच्या डोक्यातून निघालं काय?" मी हो म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतलं.

यंदा लॅबच्या बॅटऱ्या बदलल्या. मेकॅनिकने लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं, आणि मागे हात घालून धुळीने माखलेला एक पुठ्ठा बाहेर काढला. "हे कामाचं हाय काय सर?" मी तो घेतला. पुढच्या बाजूला मोठा चार, आणि खाली, ‘आधी येऊन गेलेलं असेल तर नाही म्हणून मागे द्या.’ मग आयुष्यात पहिल्यांदा मी तो उलटा केला. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

‘नियम मावशीचा. धरणार : मावशीचे सर. साहेबांनी काही विचारलं तर सरच सांगतील.’

लाज वाटली असं मला लिहिता आलं असतं. तीही वाटली, पण नंतर. आधी जे वर आलं ते तेच जुनं, की हा इथेही माझ्यापेक्षा मोठा निघाला, आणि तेसुद्धा बॅटऱ्यांच्या मागे पडून.

पुठ्ठा घेऊन घरी गेलो. मायचे गुडघे आता धरतात, ती फाटकाशी बसत नाही. ओसरीवर बसून मेथी निवडत होती. मी तिला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, कोणाचं अक्षर आहे ते सांगितलं, कोणत्या दिवसाचा पुठ्ठा आहे तेही सांगितलं. ती हसली. "माहा नियम लिहून ठेवला होता काय त्यानं? चांगला होता पोरगा." मग तिचे हात थांबले. "अन् हा तुह्या हातात देनार होता तो?"

"हो."

"साहेबासमोर?"

"हो, माय."

"मी त त्या दिवशी तुले लय पाह्यलं. तू दिसलाच नाई." तिने माझ्याकडे बघितलं. "मंग हा पुठ्ठा तुह्या हातात काहून नोता?"

"चोरला होता."

"कोनं?"

"मी."

मायने मेथीची जुडी खाली ठेवली. "कोनाचा चोरला, बापू?"

मी पुठ्ठा उलटा करून ती पेन्सिलची ओळ पुन्हा एकदा पाहिली.

"माहाच," मी म्हणालो.